पुण्यात जुन्या सोसायटीत फ्लॅट घेताय? आधी बिल्डिंगची उरलेली वर्षं मोजा

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी, सिंहगड रोड, कुठेही रिसेल फ्लॅट बघायला गेलात की एजंट पहिल्या पाच मिनिटात एक वाक्य बोलतोच, की "रिडेव्हलपमेंटला चाललीये बिल्डिंग, दोन-तीन वर्षात नवीन फ्लॅट मिळेल". म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून बिल्डर तिथेच नवीन बांधणार. आणि मग त्या वाक्याची किंमत तुमच्याकडून आत्ताच घेतली जाते. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्यांचं काम जवळून बघतोय, नातेवाईकांचे कागद तपासून दिलेत, त्यावरून हे लिहितोय. तीस-पस्तीस वर्षं जुनी बिल्डिंग घेऊ नका असं माझं अजिबात म्हणणं नाहीये. उलट लोकेशन, मोकळ्या खिडक्या, झाडं, चालत जाता येईल अशी मंडई, हे सगळं नवीन प्रोजेक्टमध्ये त्या पैशात मिळत नाही. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारा, ही बिल्डिंग अजून किती वर्षं उभी राहणार आहे आणि तेवढी वर्षं मी इथे नीट राहू शकतो का. किंमत, लोन, आत केलेला खर्च, सगळं त्या एका आकड्यावर ठरतं.

ढोबळ तीन प्रकार पडतात. पहिला, रिडेव्हलपमेंट खरंच ठरलेली आहे, बिल्डरबरोबर डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट रजिस्टर झालंय. दुसरा, नुसती चर्चा चालू आहे, एखादी मीटिंग झालीये, एखाद्या बिल्डरने व्हॉट्सॲपवर ऑफर पाठवलीये. तिसरा, नजीकच्या काळात होणं अवघड आहे, प्लॉट लहान, रस्ता अरुंद, किंवा जमीनच सोसायटीच्या नावावर नाही. नव्वद टक्के वेळा एजंट दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या प्रकाराला पहिला म्हणून सांगतो, त्यामुळे कोणता प्रकार आहे हे कागदावरून ठरवायचं, बोलण्यावरून नाही.

कसं ठरवायचं? सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जा (विकणाऱ्याला बरोबर घेऊन जा, नाहीतर ते का दाखवतील) आणि मागच्या तीन वर्षांच्या एजीएमचे (वार्षिक सर्वसाधारण सभेचे) मिनिट्स आणि ऑडिट रिपोर्ट मागा. रिडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालची प्रोसेस चालू आहे का, प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट नेमलाय का, फिजिबिलिटी रिपोर्ट आलाय का, टेंडर निघालंय का. सरकारने ४ जुलै २०१९ ला सुधारित नियम काढलेत, त्यात मीटिंगला दोन-तृतीयांश कोरम लागतो, निम्म्याहून जास्त सभासदांची संमती लागते आणि डेव्हलपर निवडायची मीटिंग रजिस्ट्रार ऑफिसच्या अधिकाऱ्यासमोर होते, तिचं व्हिडिओ शूटिंग होतं. म्हणजे कागद तयार होतातच. कागद नसतील तर प्रोसेस सुरूच झालेली नाही असं समजायचं, मग कोणी कितीही खात्रीने सांगू दे.

दुसरी गोष्ट कन्व्हेअन्स. जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर कोणाचं नाव आहे बघा, ऑनलाईन दिसतं. पुण्यात कितीतरी सोसायट्या अशा आहेत की बिल्डरने १९८८-९० ला फ्लॅट विकले, सोसायटी रजिस्टर झाली, आणि जमीन अजून मूळ मालकाच्या नाहीतर त्याच्या वारसांच्या नावावर आहे. मग जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेअन्सचा (मालकाच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा) अर्ज करावा लागतो, तो होतो, पण वेळ लागतो, आणि तो झाल्याशिवाय कुठलाही चांगला बिल्डर पैसे अडकवत नाही.

तिसरी गोष्ट रस्ता. एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) किती वापरता येणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर वाढीव बांधकामाला फार वाव राहत नाही, आणि वाढीव बांधकाम नाही तर बिल्डरला विकायला फ्लॅट नाहीत, मग तो जुन्या सभासदांना जास्तीचा एरिया कुठून देणार. तसंच मुठेच्या काठाजवळ असाल तर निळी आणि लाल पूररेषा (नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या रेषा) कुठून जाते ते बघा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकता नगरीत सोसायट्यांच्या आत पाणी घुसलं होतं, अशा भागात बांधकामाच्या परवानगीचं गणितच वेगळं होतं. लोहगाव, विमाननगर बाजूला विमानतळामुळे उंचीची मर्यादा आहे.

आणि एक, पुण्यात बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी नसतात, अपार्टमेंट असतात, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या. तिथे शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) नसतं, डीड ऑफ डिक्लरेशन आणि प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट असतं, जमिनीत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा असतो. संमतीचा आणि ट्रान्सफरचा सगळा हिशोब वेगळा होतो, तेव्हा वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा की हे अपार्टमेंट आहे.

आता फ्लॅटचे स्वतःचे कागद. इथे घाई करू नका. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक हस्तांतरणाचं ओरिजिनल ॲग्रीमेंट पाहिजे, सलग, मधली एक कडी सुद्धा चालणार नाही निसटलेली. प्रत्येकाबरोबर रजिस्ट्रेशनची पावती आणि इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा). रजिस्ट्रेशन खात्याच्या वेबसाईटवर ई-सर्च फुकट करता येतो, गावाचं नाव, सर्व्हे नंबर टाकून जुने व्यवहार बघता येतात, पण तेवढ्यावर थांबू नका, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या ॲग्रीमेंटला स्टॅम्प ड्युटी नीट भरलेली आहे का ते खास बघा, त्या काळात बऱ्याच लोकांनी साध्या स्टॅम्प पेपरवर ॲग्रीमेंट केली आणि रजिस्टर केलीच नाहीत, बँक अशा ठिकाणी फाईल परत करते. ओरिजिनल हरवलं असेल तर पोलिसात तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, रजिस्ट्रारकडून सर्टिफाईड कॉपी, हे सगळं विकणाऱ्याने त्याच्या खर्चाने करून द्यायचं, आणि तुम्ही टोकन द्यायच्या आधी.

विकणारा मूळ मालकाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर जरा जास्त थांबा. आई-वडील गेले, नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव शेअर सर्टिफिकेटवर चढलं, आता तो विकतोय. नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरतं नॉमिनेशन असतं, मालकी वारसाहक्काने ठरते. म्हणजे बहिणी असतील, धाकटा भाऊ अमेरिकेत असेल, तर त्या सगळ्यांच्या सह्या खरेदीखतावर पाहिजेत नाहीतर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र पाहिजे. "बहिणींची काही हरकत नाहीये हो" हे तोंडी ऐकून पुढे जाऊ नका. बहिणीला फोन लावा, बोला, सही घ्या. आणि विकणारा स्वतः परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचा नियम पूर्ण वेगळा आहे, खूप जास्त कापावा लागतो, आधी सीए गाठा.

एरियाचं बघा. जाहिरातीत "टू बीएचके ८५०" लिहिलेलं असतं, ॲग्रीमेंटमध्ये ६५० बिल्टअप असतं नाहीतर चौरस मीटरमध्ये असतं (एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट), आणि आत टेप लावली की कार्पेट (भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) ५३० भरतो. टेप घेऊन जा आणि प्रत्येक खोली स्वतः मोजा. हे फक्त आजच्या किमतीपुरतं नाही, पुढे रिडेव्हलपमेंट झाली तर बिल्डर जास्तीचे टक्के जुन्या कार्पेटवरच देतो, आणि तो कार्पेट मंजूर प्लॅनवरून धरला जातो. बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेली असते, टेरेसवर शेड टाकलेली असते, तळमजल्याच्या फ्लॅटला साईड मार्जिनमध्ये किचन वाढवलेलं असतं. ते परवानगीने केलेलं नसेल तर त्या जागेचे पैसे तुम्ही आज द्याल आणि पुढे कोणी मोजणार नाही, वर महापालिकेची नोटीस आली तर पाडायचं तुम्हाला.

पार्किंगचंही तसंच. "कव्हर्ड पार्किंगसकट" असं सांगून दोन-तीन लाख जास्त मागतात. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की स्टिल्ट पार्किंग (बिल्डिंगखाली खांबांमधलं) बिल्डरला वेगळं विकता येत नाही, ती कॉमन जागा आहे, सोसायटी सभासदांना वापरायला देते. म्हणजे आधीच्या माणसाला मिळालेली जागा तुम्हाला आपोआप मिळेलच असं नाही, सोसायटीचं लेखी पत्र घ्या.

पैशाचा हिशोब करू. समजा फ्लॅट ७० लाखाचा आहे. पुणे मनपा हद्दीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के (५ मूळ, १ एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, १ मेट्रो), म्हणजे ४ लाख ९० हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. फक्त महिलेच्या एकटीच्या नावावर घेतलात तर एक टक्का सवलत, म्हणजे इथे ७० हजार वाचतात, पण नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की सवलत गेली. ड्युटी ॲग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेली किंमत) यातली जी जास्त त्यावर लागते. रिसेलला जीएसटी नाही, हा जुन्या फ्लॅटचा मोठा फायदा. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहाराला १ टक्का टीडीएस तुम्ही विकणाऱ्याच्या पैशातून कापून सरकारकडे भरायचा, म्हणजे ७० हजार, हे विसरलात तर नोटीस तुम्हाला येते, त्याला नाही. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, त्याच्यावर कोणी "बिल्डिंग फंडाला डोनेशन" मागितलं तर द्यायचं बंधन नाही, लेखी मागा म्हणावं.

लोनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखापर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखाला ८० टक्के, त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे, आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ७० लाखाला जास्तीत जास्त ५६ मिळणार, १४ लाख तुमचे, वर ५ लाख २० हजार ड्युटीचे, ब्रोकरेज, वकील, ट्रान्सफर, असे एकवीसच्या आसपास हातात पाहिजेत, आणि दुरुस्तीचे वेगळे. बरेच जण इथे दमतात आणि मग दुरुस्तीसाठी पर्सनल लोन काढतात, ते करू नका. त्यापेक्षा पाच लाखाने स्वस्त फ्लॅट बघा.

अजून एक, बँकेचा व्हॅल्युअर येऊन बिल्डिंगचं वय बघतो. जुन्या बिल्डिंगला बँक वीस वर्षांची मुदत देईलच असं नाही, उरलेलं आयुष्य बघून मुदत कमी करते आणि ईएमआय वाढतो. विसार पावती करायच्या आधी बँकेकडून त्या विशिष्ट बिल्डिंगबद्दल विचारून घ्या, नुसतं "तुम्हाला साठ लाखाची एलिजिबिलिटी आहे" ह्याला काही अर्थ नाही. आणि विसार पावतीत स्पष्ट लिहा की लोन मंजूर झालं नाही किंवा टायटलमध्ये दोष निघाला तर टोकन पूर्ण परत. कॅशचा आग्रह धरला तर सरळ नाही म्हणा, प्रॉपर्टीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं-देणं कायद्यात बसत नाही, आणि कमी किमतीचं ॲग्रीमेंट केलंत तर तुम्ही पुढे विकताना त्याच कमी किमतीवरून नफा मोजला जातो.

विकणाऱ्याचं लोन चालू असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (लोन पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते पत्र) आणि कागदांची यादी घ्या, आणि तेवढी रक्कम थेट त्याच्या लोन खात्यात जाऊ दे, त्याच्या सेव्हिंग खात्यात नाही. लोन फिटल्यावर ३० दिवसात बँकेने ओरिजिनल परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. त्यामुळे तारखा धरून बसा.

बिल्डिंग बघायची ती पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा जा, एकदा संध्याकाळी जा म्हणजे पाण्याची वेळ, पार्किंगची भांडणं, सगळं कळतं. ताज्या रंगाच्या वासाचा फ्लॅट असेल तर छताच्या कडा आणि बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीच्या खालचा एक फूट नीट बघा, बोटाने दाबा, पोपडा सुटतो का. मग खाली पार्किंगमध्ये या, कारण बिल्डिंगची खरी तब्येत तिथे दिसते. कॉलमला उभ्या भेगा आहेत का, बीमचं काँक्रीट फुगून सुटलंय का, गंजलेल्या सळया दिसतायत का. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते, नुसतं प्लास्टर मारून ते थांबत नाही, आतून पुन्हा सुटतं. तिथे नवीन प्लास्टरचे चौकोन चौकोन दिसले तर स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागाच. आदर्श उपविधीत (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी ऑडिट करायला सांगितलंय. केलेलंच नसेल तर तेही एक उत्तरच आहे. टेरेसवर जाऊन ब्रिकबॅट कोब्याला (विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफिंग थराला) भेगा आहेत का, पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब ओला आहे का बघा, वरच्या मजल्याचा फ्लॅट घेत असाल तर हे सोडूच नका. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने साठवलेल्या पैशात) किती शिल्लक आहे विचारा. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत फंडात दोन लाख असतील तर पुढचं मोठं काम तुमच्या खिशातून होणार.

आता समजा घेतला. आत किती खर्च करायचा?

लोक इथे फार भावनेने जातात आणि मला ते समजतं, स्वतःचं घर आहे, आयुष्यभराची कमाई आहे. पण तो वर्षांचा आकडा पुन्हा काढा. माझं मत असं की बिल्डिंग दहा वर्षांच्या वर राहणार असेल तर भिंतीच्या आतलं काम पूर्ण करा, तीन ते दहा असेल तर जीवाला आणि स्लॅबला धोका असलेलं तेवढंच करा, आणि तीनच्या आत असेल तर रंग मारा, नळ बदला आणि पैसे बँकेत ठेवा, कारण भाड्याच्या घरात जायची वेळ येणार आहे.

कुठल्याही परिस्थितीत न टाळायचं काम म्हणजे वायरिंग. तीस वर्षांपूर्वीच्या घरात दोन ट्यूब, तीन पंखे, एक फ्रीज धरून वायर टाकलेली आहे, कुठे कुठे ॲल्युमिनियमची, अर्थिंग नावापुरतं, आणि आपण त्यावर एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन चालवतो. लाईट-पंख्याला दीड स्क्वेअर एमएम, साध्या प्लगला अडीच, एसी-गीझरला चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी, आणि मेनला ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी. ही शेवटची वस्तू माणसाला शॉक लागायच्या वेळी सप्लाय तोडते, जीव वाचवते. अर्थिंग मीटरपासून तपासून घ्या, आणि महावितरणकडून सँक्शन्ड लोड (मंजूर वीजभार) वाढवून घ्या.

दुसरं बाथरूम. जुन्या घरात जीआय (लोखंडी) पाईप भिंतीत गंजलेले असतात, सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकून घ्या. बाथरूम फोडणार असाल तर सगळं फोडा, संक स्लॅब (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब) पूर्ण रिकामा करून वॉटरप्रूफिंग करा आणि टाईल लावायच्या आधी पाणी भरून ४८ तास ठेवा, खालच्या घरात जाऊन स्वतः छत बघा. ठेकेदार म्हणेल "जुन्या टाईलवरच नवीन बसवू, दोन दिवसात होतं". नको. गळती तशीच राहते आणि स्लॅबवर वजन वाढतं. तुमच्या बाथरूममधून खाली गळलं तर दुरुस्ती तुमची, टेरेसमधून किंवा बाहेरच्या कॉमन पाईपमधून तुमच्याकडे गळलं तर सोसायटीची, हे माहिती असलं की अर्धी भांडणं होत नाहीत. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

कॉलम, बीमला हात लावू नका, आणि ठेकेदारालाही लावू देऊ नका. हॉल मोठा करायला मधली भिंत काढायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला एकदा बोलवा, त्याची फी फार नसते. पाईप न्यायला बीममध्ये भोक पाडणं, वायर न्यायला स्लॅबच्या खालून झरी (खाच) मारणं, हे सर्रास चालतं आणि अख्ख्या बिल्डिंगचं नुकसान करतं. जी वस्तू उचलून नेता येते तिच्यावर जास्त खर्च करा, म्हणजे सुटे वॉर्डरोब, सुटं कपाट, पंखे, एसी, वॉटर प्युरिफायर, आणि भिंतीला कायमचं चिकटणाऱ्या फर्निचरवर, फॉल्स सीलिंगवर कमी. मच्छरदाणीसकट थ्री-ट्रॅक खिडक्या मात्र बसवाच.

नावावर करायच्या गोष्टी पटकन उरका, हे लोक वर्षभर ठेवतात आणि मग अडकतात. शेअर सर्टिफिकेट, लाईट मीटर, मिळकत कर. स्वतः राहत असाल तर पुणे महापालिका मिळकत करात ४० टक्क्यांची सवलत देते, ती तुमच्या बिलात आलीये का बघा, नसेल तर पुराव्यासकट पीटी-३ फॉर्म भरा. सोसायटीत नॉमिनेशन करा आणि त्याबरोबर मृत्युपत्रही करा, दोन्ही वेगळं आहे हे वर सांगितलंच. भाड्याने देणार असाल तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावू शकते. लोन रेपो रेटला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याला) जोडलेलं आहे ना हे बघा. रेपो रेट फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० वरून खाली यायला लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला, पण ज्यांचं लोन जुन्या पद्धतीचं आहे त्यांना तेवढा फायदा मिळालेला नाही, बँकेत जाऊन थोडी फी भरून बदलून मिळतं. फ्लोटिंग रेटच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही, बोनस आला की भरत जा.

आणि एजीएमला जा. खरंच जा. सप्टेंबरअखेर व्हायला पाहिजे ती. नवीन सभासद आला की जुने लोक सांगतात की तुम्हाला काय माहिती, पण मतदानाचा हक्क सारखाच आहे, आणि तुमचं सगळं भांडवल त्या बिल्डिंगमध्ये आहे.

शेवटी, ॲग्रीमेंट रजिस्टर झालेल्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या बिल्डिंगमध्ये घेत असाल तर थोडं वेगळं बघायचं. आधीच्या मालकाने बिल्डरकडून काय काय घेतलंय? भाड्याचा ॲडव्हान्स, शिफ्टिंगचे पैसे, कॉर्पसचा (बिल्डर सभासदाला देतो त्या एकरकमी पैशाचा) पहिला हप्ता, ह्यातलं काही त्याने उचललं असेल तर ते किमतीतून वजा झालं पाहिजे. नव्या फ्लॅटचं त्याच्या नावाचं कायमस्वरूपी पर्यायी जागेचं ॲग्रीमेंट रजिस्टर झालंय का, त्यात कार्पेट, मजला, पार्किंग लिहिलंय का, आणि सगळे हक्क तुमच्याकडे येतायत असं बिल्डर आणि सोसायटी दोघांचं पत्र आहे का. बिल्डिंग पाडलेली असेल तर लोन द्यायला बहुतेक बँका तयार होत नाहीत, त्यामुळे ते आधी विचारा. बिल्डरने सोसायटीला बँक गॅरंटी दिलीये का बघा, नियमात प्रोजेक्ट खर्चाच्या २० टक्क्यांची आहे, आणि ती नाही म्हटल्यावर बाकी ब्रोशर कितीही छान असू दे मी तरी पुढे जाणार नाही.

तुम्ही आधीपासून राहत असाल आणि खाली करायची वेळ आली तर किल्ली द्यायच्या आधी चार गोष्टी हातात घ्या. तुमच्या फ्लॅटची जॉईंट मोजणी, दोघांच्या सहीची. तुमच्या नावाचं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट. लोन चालू असेल तर तुमच्या बँकेची लेखी परवानगी, कारण फ्लॅट गहाण आहे आणि तो पाडला जाणार आहे. आणि भाड्याचे ११ महिन्यांचे पुढच्या तारखेचे चेक, दुसऱ्या वर्षी भाडं किती वाढणार ते ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं. चेक ज्या खात्याचे आहेत ते प्रोजेक्टच्याच कंपनीचं आहे ना, तेवढं चेकवर वाचून घ्या.